धुऊन वापरायचा एअर फिल्टर: निवडताना, बसवताना आणि धुताना

ठाणे-नवी मुंबईत परफॉर्मन्स, म्हणजे धुऊन पुन्हा वापरायचा, एअर फिल्टर घेणारे बहुतेक जण आधी फिल्टर विकत घेतात. मग तो आपल्या गाडीत बसतो का ते बघतात. आपण रोज कुठल्या धुळीतून जातो, हा विचार चेक इंजिनचा दिवा लागल्यावर सुरू होतो. क्रम इथेच उलटा होतो, आणि पुढे फिल्टर कितीही महागाचा असला तरी उपयोग नसतो. खाली योग्य क्रम दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर टप्पा ४ आणि टप्पा ९ तरी नीट वाचा, कारण पैसे आणि इंजिन वाया जातं ते तिथेच.

एक खुलासा आधीच करतो. हे सगळं बॉनेटखालच्या इंजिन फिल्टरबद्दल आहे. ग्लोव्ह बॉक्समागे एसीचा केबिन फिल्टर असतो, तो वेगळा. दुकानात नुसतं ‘एअर फिल्टर’ म्हटलं तर दुसराच हातात पडू शकतो.

## १. कशासाठी घेताय ते आधी ठरवा

अ‍ॅव्हरेज वाढावं म्हणून घेत असाल तर इथेच थांबा. आजच्या फ्युएल इंजेक्शन पेट्रोल गाडीत आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या प्रमाणात पेट्रोल सोडतो. शिवाय शहरात तुम्ही थ्रॉटल (पायाने दाबता त्या पेडलने उघडणारी हवेची झडप) अर्धवटच उघडता, म्हणजे हवेला अडवण्याचं काम थ्रॉटलची झडप मुद्दामच करत असते. तिच्या अलीकडे फिल्टर थोडा मोकळा असला काय आणि नसला काय. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली हे तपासलं होतं. फिल्टर चोंदला तरी अशा गाड्यांच्या इंधनखपतीत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, पिकअप मात्र कमी झाला.

पॉवरसाठी घेत असाल तर एक साधा हिशोब करा. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या सीसीइतकी हवा ओढतं. ११९७ सीसीचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३००० वेळा भरतं, म्हणजे साधारण ३६०० लिटर. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत म्हणून ८५ टक्के धरले तर ३०५० लिटर. याउलट कापूरबावडी ते कासारवडवलीच्या रांगेत २००० आरपीएमला, थ्रॉटल थोडंसंच उघडं असताना, हा आकडा ४०० लिटरच्या आसपास येतो. कंपनीने दिलेला कागदी फिल्टर वरच्या आकड्यासाठी बनवलेला असतो. तुम्ही त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्यावर चालवता. जो अडथळाच नाही, तो काढून काय मिळणार?

फरक पडतो तो पूर्ण थ्रॉटल, वरचं आरपीएम आणि विशेषतः रीमॅप केलेलं (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदललेलं) टर्बो इंजिन असेल तेव्हा. स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशा, गाडीत मूळ बॉक्समधला नुसता पॅनेल फिल्टर बदलून फार थोडं मिळतं. पिकअप वाढल्यासारखा वाटतो त्यामागे बरेचदा हवा ओढण्याचा वाढलेला आवाज असतो. आवाज आवडतो म्हणून घेणं हेही माझ्या मते प्रामाणिक कारण आहे, फक्त ते स्वतःशी कबूल करून घ्या.

पैसे वाचावेत म्हणून घेत असाल तर आपल्या गाडीचे खरे भाव घालून बघा. समजा फिल्टर ६००० रुपये, धुण्याचं किट २००० आणि कागदी फिल्टर ५०० रुपयांना, तोही वर्षाला एक. खर्च भरून निघायला १६ वर्षं लागतील. महागडे कागदी फिल्टर लागणारी गाडी किंवा खूप रनिंग असेल तर हिशोब बदलतो, एरवी नाही.

थोडक्यात, रीमॅप केलेली गाडी, मोठं रनिंग किंवा स्वतःच्या हाताने देखभाल करण्याची हौस, यातलं काहीच नसेल तर वेळेवर बदललेला कागदी फिल्टर घ्या. तुमचं काम तिथेच संपलं.

## २. ऑर्डरच्या आधी एअर बॉक्स उघडा

गाडी थंड असताना, पार्किंगमध्ये, पुरेशा उजेडात. सोबत बॅटरी (टॉर्च), गाडीला लागेल तो स्क्रू ड्रायव्हर (काही गाड्यांना स्टार बिट लागतो), पट्टी, स्वच्छ पांढरं फडकं आणि मोबाईल.

१. उघडण्याआधी क्लिपा, होज आणि सेन्सरचा कनेक्टर यांचे फोटो काढा.
२. जुना फिल्टर बाहेर काढताना इंजिनकडची बाजू कोणती ते बघा. स्वच्छ दिसते ती.
३. लांबी, रुंदी आणि रबरी कडेची जाडी मोजा. जाडी बहुतेक जण मोजत नाहीत, आणि बॉक्स बंद होतो की नाही हे तिच्यावरच ठरतं.
४. एअर बॉक्सच्या स्वच्छ बाजूने आतून पांढरं फडकं फिरवा. करडी, चरचरीत धूळ आली तर आत्ताच कुठून तरी गळती आहे. मोडकी क्लिप, वाकलेलं झाकण, चिरलेला होज असं काहीतरी असेल. ते आधी दुरुस्त करा. नव्या फिल्टरने ते झाकलं जाणार नाही.
५. खालच्या बाजूला पाणी निघायचं बारीक भोक असतं का बघा. पानं, माती अडकली असेल तर मोकळं करा.
६. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर एअर बॉक्सला किंवा होजला भोक पाडून ठेवलेलं नाही ना, हे खास तपासा.

आता सेन्सर. फिल्टरच्या लगेच पुढे, पाइपावर, कनेक्टर लावलेला एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) आहे का? त्यात हवेच्या प्रवाहात बसवलेला तापणारा बारीक घटक असतो. डिझेल गाड्यांत तो सर्रास असतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत त्याऐवजी मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपांमधला) दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो. तुमच्या गाडीत काय आहे ते लिहून ठेवा, टप्पा ४ मधला निर्णय यावर अवलंबून आहे.

ओबीडी रीडर (ईसीयूतली माहिती वाचणारं उपकरण) असेल तर इंजिन गरम झाल्यावर लाँग टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे ईसीयू इंधनात किती टक्के कमी-जास्त करतोय त्याचा, आकडा टिपून ठेवा. नंतर तुलना करायला आधीचा आकडा लागतो, आणि तो नेमका कोणाकडेच नसतो.

तपासणी: फोटो, मापं, सेन्सरचा प्रकार, फडक्याचा निकाल. हे चारही हातात नसतील तर पुढे जाऊ नका.

## ३. तुमचा रस्ता किती धुळीचा?

एअर फिल्टरचं पहिलं काम हवा सोडणं नसून धूळ अडवणं आहे. रस्त्याच्या धुळीत आणि दगडाच्या भुकटीत सिलिका असते, बरीचशी क्वार्ट्झच्या रूपात. क्वार्ट्‌झची कठीणता मोह्ज श्रेणीत (१ ते १०) ७ आहे. ही धूळ ऑइलच्या थरात मिसळली की पिस्टन रिंग आणि सिलिंडरची भिंत घासत राहते. टर्बो असेल तर कंप्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजतात. यातलं काहीही एका दिवसात कळत नाही, ऑइल खायला लागल्यावर कळतं.

स्वतःला तीनपैकी एका गटात टाका:

- कमी धूळ: पाम बीच रोड, सानपाडा-नेरुळचे आतले रस्ते, अटल सेतू. सुटीला एक्स्प्रेसवे.
- मध्यम: ठाणे-बेलापूर रोड, वागळे इस्टेट, ऐरोली-मुलुंड ये-जा.
- जास्त: बांधकामालगतचा घोडबंदर रोड, गायमुखचा घाट, शिळफाटा, मुंब्रा बायपास, तळोजा एमआयडीसी, उरणकडे जाणारे कंटेनरचे रस्ते. ट्रकच्या मागून रोज अर्धा तास जायचं असेल तर कुठलाही रस्ता याच गटात धरा.

दोन गटांच्या मध्ये असाल तर वरचा, म्हणजे जास्त धुळीचा, गट धरा.

## ४. गाळणीचं कापड निवडा

ब्रँड नंतर. आधी गाळणी कशाची आहे ते ठरवा.

ऑइल लावलेला कापूस. लाल किंवा निळसर, दोन्ही बाजूंनी तारेची जाळी, आत सुती कापडाचे थर. के अँड एन आणि बीएमसी या कंपन्यांचे फिल्टर याच प्रकारचे. कापडाची भोकं मोठी असतात म्हणून हवा सहज जाते, आणि धूळ पकडायचं काम चिकट ऑइल करतं. त्यामुळे ऑइल कमी पडलं की धूळ आत जाते आणि जास्त झालं की थेंब पुढे जाऊन एमएएफ सेन्सरवर बसतात. मधलं प्रमाण जमवणं ही तुमची जबाबदारी. कमी-मध्यम धूळ, एमएपी सेन्सर आणि धुवायचा उत्साह असेल तर चालेल.

कोरडा सिंथेटिक. बिनविणीच्या कृत्रिम धाग्याचा, ऑइल लागत नाही. धुवा, वाळवा, बसवा. हवा कापसापेक्षा थोडी कमी सोडतो, पण चुकायला जागाच कमी. एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत मी हाच सुचवेन. जास्त धुळीच्या गटात धुऊन वापरायचाच असा हट्ट असेल तर हाच, तोही आकडे बघून.

ऑइल लावलेला फोम. पायपरक्रॉस कंपनीचे असतात तसे. धूळ भरपूर साठवतो म्हणून ऑफ-रोडवाले वापरतात. आपल्याकडे अडचण वेगळीच आहे: दमट हवेत आणि इंजिनच्या उष्णतेत वर्षानुवर्षं राहिलेला फोम कधीतरी भुसभुशीत होतो आणि त्याचे कण थेट इंजिनात जातात. दर सर्व्हिसला चिमटीत दाबून बघणार असाल तरच घ्या.

नुसती स्टीलची जाळी. ‘आयुष्यभर टिकणारा’ म्हणून स्वस्तात मिळते. घेऊ नका. जाळीच्या भोकातून बारीक धूळ आरपार जाते.

### खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे

एअर फिल्टरची चाचणी आयएसओ ५०११ या मानकानुसार होते. त्यात तीन गोष्टी मोजतात: किती टक्के धूळ अडली, हवेला किती अडथळा झाला आणि चोंदण्याआधी फिल्टरने किती धूळ पोटात घेतली. जाहिरातीत बहुधा फक्त अडथळ्याचा आकडा असतो. तुम्ही तिन्ही शोधा. ज्या फिल्टरसाठी धूळ अडवण्याची टक्केवारी कुठेच दिलेली नाही, तो यादीतून काढून टाका.

टक्केवारीतही फसगत होते. ९७ आणि ९९.५ यात अडीच टक्क्यांचाच फरक वाटतो. पण १०० ग्रॅम धूळ आली तर पहिल्यातून ३ ग्रॅम आत जाते, दुसऱ्यातून अर्धा ग्रॅम. म्हणजे सहापट. नेहमी १०० मधून वजा करून उरलेले आकडे एकमेकांशी ताडून बघा.

आणखी दोन प्रश्न विचारा. चाचणीची धूळ जाड होती की बारीक? जाड धुळीवर कुठल्याही फिल्टरचा निकाल चांगला येतो. आणि टक्केवारी सुरुवातीची आहे की शेवटची? फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच पुढची धूळ अडवायला लागतो, म्हणून शेवटचा आकडा नेहमी जास्त असतो. याचाच दुसरा अर्थ असा की नुकताच धुतलेला फिल्टर सगळ्यात कमी धूळ अडवतो. हे डोक्यात ठेवा, टप्पा ९ मध्ये लागणार आहे.

सावध: हवेच्या प्रवाहाचे दोन आकडे ताडताना दोन्ही एकाच दाबावर मोजलेले आहेत का ते बघा. नसतील तर तुलना निरर्थक.

## ५. पॅनेल घ्यायचा की कोन?

मूळ एअर बॉक्समध्ये जुन्याच्या जागी बसतो तो पॅनेल. बॉक्स काढून टाकून पाइपाच्या तोंडाला लावतात तो कोन. माझं उत्तर सरळ आहे: रोजच्या गाडीला पॅनेल.

कोन फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढतो. बाहेर ३५ अंश असताना आत ६० अंशांची हवा मिळाली तर तिची घनता साधारण साडेसात टक्क्यांनी घटते. फिल्टर मोकळा करून जे मिळवलं ते गरम हवेने परत घेतलं, वर थोडं जास्तच. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत हा फरक सगळ्यात मोठा.

कोन खाली बंपरपाशी नेऊन थंड हवा घेता येते, पण मग पावसाळा आहे. विटाव्याच्या सबवेसारख्या सखल जागी पाणी साचलं असताना तोंड खाली असलेला इनटेक (हवा आत घेणारा पाइप) पाणी ओढू शकतो. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशा नुकसानीला साधी मोटार पॉलिसी बहुधा पैसे देत नाही, इंजिन प्रोटेक्टचं जोडकलम लागतं. आणि बदललेला इनटेक बघून विम्याचा सर्व्हेअर प्रश्न विचारणारच. कंपनीने इनटेकचं तोंड उंचावर ठेवलंय ते उगाच नाही.

शिवाय एमएएफ सेन्सर असलेल्या गाडीत पाइपाचा व्यास किंवा वळण बदललं की सेन्सरवरून जाणारा प्रवाह बदलतो, आणि ईसीयूला चुकीचं माप मिळतं. ट्यूनिंगशिवाय पूर्ण इनटेक किट लावणं म्हणजे अर्धवट काम.

## ६. नंबर जुळवा आणि अस्सल ओळखा

मॉडेलचं नाव पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीला पेट्रोल, डिझेल, टर्बो आणि वेगवेगळ्या वर्षांत वेगवेगळे एअर बॉक्स असतात. आरसी बुकवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष, इंजिनचे सीसी आणि इंधन घेऊन निर्मात्याच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्ये शोधा. तिथे मिळालेली मापं टप्पा २ मधल्या तुमच्या मापांशी ताडा. ‘थोडा कापला की बसतो’ असं दुकानदार म्हणाला की तिथून निघा.

नकली माल भरपूर आहे, आणि सगळ्यात जास्त नक्कल नावाजलेल्या ब्रँडचीच होते. हातात आल्यावर हे बघा:

- रबरी कडेवर साच्यातून उमटलेला पार्ट नंबर स्पष्ट हवा, नुसता स्टिकर नको. तो खोक्यावरच्या नंबराशी जुळला पाहिजे.
- कड सगळीकडे सारख्या जाडीची, नखाने दाबली की दबून परत येणारी हवी. कडक प्लॅस्टिकसारखी असेल तर ती सील करणार नाही.
- घड्या सरळ आणि समान अंतरावर. कापड आणि कड जुळतात तिथे गोंदाची फट नको.
- बॅटरीच्या उजेडात धरा. सुती फिल्टरमधून बारीक उजेड सगळीकडे सारखा झिरपला तर घाबरू नका. एखाद्याच ठिकाणी, घडीच्या तळाशी किंवा कडेला, लख्ख रेघ दिसली तर परत करा.

बिल घ्या. बिलावर पार्ट नंबर लिहून घ्या. निम्म्या भावात मिळतोय म्हणजे काय ते समजून घ्या.

## ७. बसवताना

काम पंधरा मिनिटांचं, पण घाईत बिघडतं.

१. जुना फिल्टर काढल्यावर लगेच इंजिनकडच्या पाइपाचं तोंड स्वच्छ फडक्याने झाका.
२. एअर बॉक्सचा खालचा भाग ओल्या फडक्याने पुसा. कंप्रेसरने हवा मारू नका, धूळ उडून नको तिथे जाते.
३. सील बसते ती खाच बोटाने तपासा. तिथे अडकलेला एक खडा पुरेसा आहे.
४. फिल्टर योग्य बाजूने ठेवा. बाण असेल तर तो हवा जाते त्या दिशेला, म्हणजे इंजिनकडे.
५. झाकण ठेवून आधी हाताने सगळीकडे दाबा, मग क्लिपा लावा. झाकण कुठे वर राहत असेल तर जोर लावून क्लिप ओढू नका. फिल्टर काढा आणि पुन्हा बसवा.
६. होज क्लॅम्प हाताला घट्ट लागेल इतपतच आवळा. प्लॅस्टिक चिरतं.
७. कनेक्टर ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबा.

सुती फिल्टर बहुतेक वेळा ऑइल लावूनच येतो. त्यावर पुन्हा ऑइल मारू नका. ‘नवा आहे, थोडं जास्त मारू’ हा विचार थेट सेन्सरवर जाऊन बसतो.

तपासणी: झाकण पुन्हा उघडा. फिल्टरच्या रबरावर झाकणाच्या कडेचा ठसा सगळ्या बाजूंनी अखंड उमटलाय का? जिथे ठसा तुटलाय तिथून धूळ जाणार. हे दोन मिनिटांचं काम जवळजवळ कोणीच करत नाही.

## ८. पहिल्या महिन्यात काय बघायचं

फिल्टरनंतरच्या पाइपाच्या आतल्या भिंतीवर, सेन्सरपासून लांब, बोटाने ग्रीसचा अगदी पातळ थर लावा. दोन-तीन आठवडे नेहमीसारखी गाडी चालवा आणि मग तो थर पांढऱ्या कागदावर पुसून दोन बोटांत चोळा. खरखर लागली तर धूळ आत जातेय. आधी सील तपासा. सील ठीक असेल तर फिल्टरच तुमच्या रस्त्याला पुरेसा नाही. जास्त धुळीच्या गटातल्या लोकांनी ही चाचणी टाळू नये.

ओबीडी रीडर पुन्हा लावा. ट्रिमचा आकडा आधीच्या जवळपास असेल तर ठीक. तो सरळ १० टक्क्यांच्या वर सरकला, किंवा पी०१०१ वा पी०१७१ असा बिघाडाचा कोड आला, तर आधी होज नीट बसलाय का आणि कुठून जादा हवा शिरतेय का ते बघा. त्यानंतर सेन्सर. तो एमएएफसाठीच बनवलेल्या स्प्रेने साफ होतो. कार्ब क्लीनर, पेट्रोल, कापसाचा बोळा, काहीही त्याला लावायचं नाही.

टर्बो गाडीच्या इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) होजमध्ये ऑइलचा हलका थर दिसला तर फिल्टरला दोष देऊ नका. तो बहुधा क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाच्या, वाफेतून आलेला असतो.

## ९. धुणं: कधी आणि कसं

### कधी

सगळ्यात मोठी चूक न धुणं नाही, सारखं धुणं आहे. धुतला की साठलेला थर जातो आणि अडवण्याची क्षमता तात्पुरती खाली येते, हे टप्पा ४ मध्ये आलंच. मळका दिसतो म्हणून दर महिन्याला धुणारा माणूस इंजिनला जास्त धूळ पाजतो. के अँड एन आपल्या पॅनेल फिल्टरसाठी परिस्थिती बघून ५०,००० मैलांपर्यंतचा आकडा सांगते. तो स्वच्छ महामार्गाचा आहे, घोडबंदरचा नाही. सुती फिल्टरची सोपी खूण अशी: धुळीत तारेची जाळी दिसेनाशी झाली की धुवा. जाळी दिसतेय तोवर झाकण लावा आणि विसरा.

आपल्याकडे मे महिना सगळ्यात सोयीचा. नोव्हेंबरपासूनचा धुळीचा हंगाम संपत आलेला असतो आणि फिल्टर दिवसभरात वाळतो. जुलैत धुतला तर दोन-दोन दिवस ओला राहतो, आणि ऑफिसला जायचंय म्हणून लोक तो तसाच बसवतात.

आधी ही तयारी: एक नवा कागदी फिल्टर घरात ठेवा. तो गाडीत लावला की धुण्याची घाई उरत नाही. माझ्या मते हा खर्च फिल्टरच्या किमतीतच धरायला हवा.

### कसं (ऑइलचा सुती फिल्टर)

१. हलकेच थोपटून सुटी धूळ झाडा. फरशीवर आपटायचा नाही, कड वाकते.
२. त्याच कंपनीचा क्लीनर दोन्ही बाजूंनी मारा. दहा मिनिटं ठेवा, पण वाळू देऊ नका.
३. थंड पाण्याने, कमी दाबाने, स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे धुवा. उलट धुतलंत तर धूळ कापडात खोल जाते. बाथरूममधला साधा नळ किंवा हँड शॉवर पुरे. प्रेशर वॉशर कधीच नाही.
४. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा. लागला तर क्लीनरचा दुसरा हात.
५. झटकून, सावलीत, बाल्कनीत उभा ठेवून वाळवा. हेअर ड्रायर नको, कंप्रेसर नको, टपावर उन्हात तापवणं नको. कापूस आक्रसतो आणि कडेपासून सुटतो. घड्यांच्या तळाशी बोट लावून बघा, गारवा जाणवला तर अजून ओला आहे.
६. पूर्ण कोरडा झाल्यावरच ऑइल. प्रत्येक घडीच्या माथ्यावरून एकच हलका हात.
७. वीस मिनिटं थांबा. ऑइल पसरतं. फिकट राहिलेल्या जागीच थोडं लावा, पुन्हा थांबा.
८. बसवण्याआधी इंजिनकडच्या बाजूवर टिश्यू पेपर दाबा. हलका रंग आला तर ठीक, ओला डाग पडला तर जास्त झालंय. टिश्यूने टिपून घ्या आणि रात्रभर ठेवा.

सावध: इंजिन ऑइल, गिअर ऑइल, खोबरेल तेल यातलं काहीही चालत नाही. फिल्टरचं ऑइल मुद्दाम चिकट केलेलं असतं आणि कुठे लागलं हे दिसावं म्हणून त्यात रंग असतो. धुवायलाही पेट्रोल, रॉकेल किंवा भांड्यांचा साबण नको.

कोरड्या सिंथेटिक फिल्टरला पायरी ५ पर्यंतच करायचं, कंपनी सांगेल त्याच क्लीनरने. त्याला चुकून ऑइल मारलं तर तो फिल्टर गेला असं समजा. फोम पिळताना मुरगळू नका, दोन तळव्यांत दाबा.

## १०. सर्व्हिसला देताना

हा टप्पा बहुतेक जण विसरतात. गाडी सर्व्हिसला गेली की पोऱ्या सवयीने फिल्टर काढतो आणि कंप्रेसरने हवा मारतो. सुती फिल्टरचं ऑइल त्यात उडतं आणि कापड फाटू शकतं. कागदी फिल्टरलाही या हवेने बारीक भोकं पडतात, हेही जाता जाता सांगून ठेवतो. नाहीतर ठरलेल्या यादीप्रमाणे फिल्टर काढून नवा कागदी लावतात, आणि तुमचा महागडा फिल्टर जुन्या सामानात जातो.

म्हणून जॉब कार्डवर अ‍ॅडव्हायजरकडून लिहून घ्या: ‘एअर फिल्टर उघडू नये, साफ करू नये, बदलू नये.’ एअर बॉक्सच्या झाकणावरही त्याच अर्थाची चिठ्ठी चिकटवा. घरी आल्यावर झाकण उघडून खात्री करा.

गाडी वॉरंटीत असेल तर आधी वॉरंटी पुस्तिकेतला बाहेरच्या सुट्या भागांविषयीचा मजकूर वाचा. सेन्सर किंवा टर्बोचा क्लेम आला आणि आत बाहेरचा फिल्टर सापडला तर वाद होणारच. वॉरंटी संपेपर्यंत कागदी फिल्टर ठेवणं यात मला काही कमीपणा वाटत नाही. एअर बॉक्स कापणं किंवा पूर्ण इनटेक बदलणं याला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचल्याशिवाय हात घालू नका. गाडीतल्या फेरफारांविषयीचं कलम तेच.

## ११. कधी टाकून द्यायचा

धुऊन वापरायचा म्हणजे अमर नाही. कड कडक पडली किंवा चिरली, जाळीला गंज चढला, घड्या एकमेकींना चिकटल्या, कापड कडेपासून सुटलं, धुतल्यावरही बॅटरीच्या उजेडात लख्ख रेघ दिसली, यातलं एकही दिसलं तर बदला. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत जाळीचा गंज जरा लवकर येतो, ऐरोली-वाशीच्या लोकांनी तो मुद्दाम बघावा. गंजाचे कण फिल्टरच्या इंजिनकडच्या बाजूला असतील तर त्यांना अडवायला पुढे काहीच नसतं.

प्रत्येक वेळी धुतल्यावर तारीख आणि किलोमीटर एअर बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहा. वही हरवते. गाडी विकायची झाली तर कागदी फिल्टर लावून द्या, कारण नवा मालक या फिल्टरवरही हवाच मारणार आहे.